घर बंद, मत्स्यपेटी सुरू : प्रवासात असताना करावयाची दूरस्थ देखरेख

गणपतीला कोकण, दिवाळीला गाव आणि मे महिन्यात मुलांच्या सुटीतली सहल. पिंपरी-चिंचवडमधील अनेक घरांचे वर्षाचे वेळापत्रक असे ठरलेलेच असते. चाकणच्या वाहन कारखान्यांत काम करणाऱ्यांना त्याशिवाय कंपनीच्या कामासाठी कधी चेन्नईला, कधी जर्मनीला जावे लागते. घराला कुलूप लावताना दूध बंद करता येते, वर्तमानपत्र थांबवता येते, झाडाच्या कुंड्या शेजाऱ्यांच्या गॅलरीत ठेवता येतात. दिवाणखान्यातली मत्स्यपेटी मात्र बंद करता येत नाही आणि उचलून नेताही येत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशा साध्या पेटीत काठोकाठ सुमारे ७० लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्यातील जीव पंप, फिल्टर आणि हीटर अशा दोन-तीन विजेच्या उपकरणांवर जगत असतात.

अलीकडे स्वस्त संवेदक (सेन्सर), वाय-फाय आणि भ्रमणध्वनी यांच्या साहाय्याने या पेटीवर दूरवरून नजर ठेवता येते. ही कल्पना तशी नवी नाही. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखण्यात आला व १९९३ मध्ये त्याचे चित्र इंटरनेटवर आले. त्यानंतर १९९४ साली कॅलिफोर्नियातील नेटस्केप कंपनीच्या कार्यालयातून लू माँटुली या अभियंत्याने ‘फिशकॅम’ सुरू केला. म्हणजे कॉफीनंतर जगाने इंटरनेटवरून थेट पाहिलेल्या पहिल्या काही गोष्टींत मासेच होते. त्या काळी ती गंमत होती. आज तीच गोष्ट घरोघरी उपयोगाची ठरू शकते; मात्र मोबाइलवर पेटी दिसणे आणि पेटी सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी समजून घ्यावयास हवे.

नेमके काय बिघडते?

मालक घरी नसताना पेटीवर येणारी संकटे मोजकी असतात. पहिले संकट विजेचे. पंप थांबला की पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही आणि हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळण्याचा वेग मंदावतो. त्यात पाणी गरम असेल तर अडचण दुणावते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण साडेसातपर्यंत उतरते. एप्रिल-मे महिन्यांत बंद खिडक्यांच्या सदनिकेत दुपारी पाणी तापते आणि नेमकी त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरजही वाढलेली असते.

दुसरे संकट फिल्टरचे. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जिवाणूंनाही वाहते, प्राणवायुयुक्त पाणी लागते. फिल्टर बराच काळ बंद राहिला तर जिवाणू मरू लागतात. बंद डब्याच्या फिल्टरमधील साचलेले पाणी तर वीज आल्यावर तसेच पेटीत सोडणेही धोक्याचे असते. पाण्याचा सामू (पीएच) जितका जास्त, तितका अमोनिया अधिक विषारी. २५ अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो. बोअरवेलचे अथवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांतील रहिवाशांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

तिसरे संकट हीटरचे. हिवाळ्यात लावलेल्या हीटरमधील थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू कधी चिकटून बसतात आणि हीटर बंदच होत नाही. याचे साधे गणित मांडता येते. ७० लिटर पाण्यात १०० वॅटचा हीटर अखंड चालू राहिला, तर बाहेर उष्णता न जाता तापमान ताशी सुमारे १.२ अंशाने वाढेल. रात्री अकराला २६ अंश असलेले पाणी पहाटे चार-पाचच्या सुमारास ३२ अंशांच्या आसपास जाऊ शकते. १०० वॅटच्या एका हीटरऐवजी ५० वॅटचे दोन हीटर लावले, तर एक चिकटला तरी वाढीचा वेग निम्मा राहतो आणि एक बंद पडला तरी दुसरा थोडाफार सांभाळून घेतो.

चौथे संकट माणसाचे. घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करण्याची आपल्याकडे जुनी आणि चांगली सवय आहे. पण फिश टँक असलेल्या घरात हीच सवय घात करते. उरलेली कसर प्रेमाने मूठमूठ खाद्य टाकणारे शेजारी भरून काढतात.

काय मोजावे?

बाजारात मिळते ते सर्व मोजण्याची गरज नाही. महत्त्वाच्या क्रमाने पाहिले तर वीज आहे की नाही, पाण्याचे तापमान किती, पाणी वाहते आहे का आणि पातळी किती उतरली, या चार गोष्टी पुरेशा आहेत. त्यांच्या जोडीला एक कॅमेरा असावा.

तापमानासाठी डीएस१८बी२० हा जलरोधक आवरणातला संवेदक छंदिष्टांत लोकप्रिय आहे. त्याची अचूकता नेहमीच्या तापमानात अर्ध्या अंशाच्या आसपास असते आणि माशांसाठी ती पुरेशी आहे. ईएसपी३२ सारख्या वाय-फाययुक्त लहान सर्किटला तो जोडून आकडे इंटरनेटवर पाठवता येतात. हे जोडकाम ज्यांना नको असेल त्यांना वाय-फायवर चालणारे तयार थर्मामीटर मिळतात. विजेचा वापर मोजणारा स्मार्ट प्लग पंपाला लावला तर पंप काही वॅट घेतो आहे की शून्य, हे कळते. मात्र फिल्टर चोंदल्यामुळे प्रवाह मंदावला तरी वॅटचा आकडा फारसा बदलत नाही. त्यासाठी कॅमेऱ्यात फिल्टरचे तोंड दिसेल अशी मांडणी करावी.

सामूच्या संवेदकाचा मोह सहसा टाळावा. त्याचा इलेक्ट्रोड वेळोवेळी प्रमाणित द्रावणात बुडवून जुळवून घ्यावा लागतो. कोरडा पडला तर तो निकामी होतो. न जुळवलेला संवेदक खोटा आकडा दाखवतो आणि खोट्या आकड्यापेक्षा आकडा नसणे बरे. अमोनियाचे सातत्याने मोजमाप करणारी उपकरणे घरगुती खर्चात बसत नाहीत. त्याची चाचणी निघण्यापूर्वी थेंबांच्या किटने करावी. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य असतील तरच पेटी प्रवासासाठी तयार आहे, असे समजावे.

कॅमेरा नवा घेणे शक्य नसेल तर जुना मोबाइलही चालतो. मात्र दिवसरात्र चार्जरवर राहिलेल्या जुन्या बॅटरीला फुगवटा येण्याची भीती असते, म्हणून दोन-चार दिवसांपलीकडे तो वापरू नये. कॅमेऱ्यात तीन गोष्टी पाहाव्यात. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करीत असतील तर प्राणवायू कमी पडतो आहे. पाणी दुधाळ झाले असेल तर बहुधा खाद्य जास्त पडले आहे. आणि माशांची मोजदाद रोज करावी. एखादा दिसेनासा झाला तर तो मेला असण्याची शक्यता धरावी, कारण कुजणारा मासा हा अमोनियाचा मोठा स्रोत असतो.

मौन म्हणजे क्षेम नव्हे

दूरस्थ देखरेखीतली सर्वांत मोठी चूक येथेच होते. ‘काही बिघडले तर मोबाइलवर संदेश येईल’ अशी व्यवस्था करून आपण निर्धास्त होतो. पण वीज गेली की वाय-फायचा राउटरही बंद पडतो. संदेश पाठवणारे यंत्रच मुके झाल्यावर संदेश येणार कोठून? म्हणजे ज्या क्षणी खबर सर्वाधिक हवी, नेमके त्याच क्षणी सर्वत्र शांतता असते आणि त्या शांततेचा अर्थ आपण ‘सर्व ठीक’ असा लावतो.

भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात उपकरणशास्त्राचे काम करणाऱ्या कोणालाही या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते. कारखान्यांत दाब, तापमान, पातळी यांचे संकेत ४ ते २० मिलिअँपिअर या विद्युतप्रवाहाच्या रूपात नेले जातात. येथे शून्य मापासाठी शून्य प्रवाह न धरता ४ मिलिअँपिअर धरलेला असतो. कारण साधे आहे. तार तुटली तर प्रवाह शून्यावर येतो, आणि ‘माप शून्य आहे’ व ‘मापच मिळत नाही’ यांतील फरक तत्काळ कळतो. घरातल्या पेटीलाही हेच तत्त्व लावावे. ‘बिघाड झाला तर कळव’ एवढ्यावर न थांबता ‘दर पंधरा मिनिटांनी मी आहे असे कळव’ अशी योजना करावी आणि तो निरोप चुकला तर घराबाहेरच्या सेवेने धोक्याची सूचना द्यावी. उपकरण इंटरनेटपासून तुटल्यास कळवण्याची सोय अनेक अ‍ॅपमध्ये असते. ती सुरू करून ठेवावी.

संवेदकाचे खोटे आकडेही ओळखता यायला हवेत. वर सांगितलेला डीएस१८बी२० वीज आल्याबरोबर, प्रत्यक्ष माप घेण्यापूर्वी, ८५ अंश हा आकडा दाखवतो. त्याची तार निघाली तर प्रचलित प्रणालींत उणे १२७ असा आकडा येतो. हे वाचून पाणी उकळले वा गोठले असे समजून घाबरण्याचे कारण नाही. असे आकडे गाळून ‘संवेदकात बिघाड’ अशी वेगळी सूचना ठेवावी.

सूचनांची मर्यादा ठरवतानाही तारतम्य हवे. उष्ण कटिबंधातील बहुतेक माशांना २४ ते २८ अंश मानवते. सूचना २३ च्या खाली आणि ३० च्या वर, तीही पंधरा-वीस मिनिटे तशीच स्थिती राहिली तर यावी. अर्ध्या अंशाच्या चढउताराला मोबाइल वाजू लागला की ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीसारखे होते. खऱ्या वेळी आपण तिकडे पाहत नाही.

वीज आणि पाणी

पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुटी घेण्याची पद्धत आहे. वीजवाहिन्यांच्या देखभाल-दुरुस्तीची कामेही बहुधा याच दिवशी काढली जातात. तेव्हा प्रवासाच्या दिवसांत किती गुरुवार येतात ते पाहून ठेवावे आणि महावितरणकडे आपला मोबाइल क्रमांक नोंदवून पूर्वसूचनेचे संदेश मिळतील असे करावे. भारनियमनाच्या काळात, २००६ साली, उद्योगांच्या खासगी जनित्रांच्या मदतीने शहराला दिलासा देणारा ‘पुणे पॅटर्न’ गाजला होता. त्या दिवसांत घरोघरी आलेले इन्व्हर्टर आता मत्स्यपेटीच्या कामी येऊ शकतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या चांगल्या स्थितीतील बॅटरीवर केवळ फिल्टर, हवेचा पंप आणि राउटर एवढाच भार असेल तर एक दिवस निघण्यास हरकत नसावी. हीटर मात्र इन्व्हर्टरवर ठेवू नये. एकटा १०० वॅटचा हीटर बॅटरी काही तासांत संपवतो आणि पाणी थंड होण्यास तसाही वेळ लागतो. सोसायटीचे जनित्र पुष्कळदा फक्त लिफ्ट आणि जिन्यातील दिव्यांसाठी असते, हेही विचारून घ्यावे.

वीज परत आल्यावर काय होते, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. काही स्मार्ट प्लग वीज आल्यावर बंदच राहतात. त्यांची मांडणी ‘पूर्वस्थितीत सुरू’ अशी बदलावी. शक्य असल्यास फिल्टर अशा प्लगवर न ठेवता थेट जोडावा. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल तर तो थांबताच नळीतून पाणी उलटे खाली येते. त्यासाठी पाणी उलटे येऊ न देणारी छोटी झडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, लावावी. हीटर जास्त तापल्यास तोडणारा दुसरा तापमान-नियंत्रक इंटरनेटवर अवलंबून नसावा. इंटरनेट हे खबर देण्यासाठी आहे. माशांचा जीव वाचवणारा निर्णय पेटीजवळच्या उपकरणानेच घेतला पाहिजे.

पाण्याच्या बाबतीत शहराची स्थिती लक्षात घ्यावी. पवना धरणाचे पाणी रावेत येथून उचलून, शुद्ध करून शहराला दिले जाते आणि २५ नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. त्यामुळे पेटीत आपोआप पाणी भरणारी यंत्रणा थेट नळाला जोडणे दुहेरी धोक्याचे आहे. नळाला पाणी नसेल तर ती निरुपयोगी. आणि तरंगती झडप अडकली तर क्लोरीनयुक्त पाणी पेटीत जाऊन वर दिवाणखान्यातही पसरेल. त्याऐवजी दहा लिटरच्या झाकणबंद कॅनमध्ये क्लोरीन काढलेले पाणी ठेवावे. भरणी याच कॅनमधून व्हावी, म्हणजे चूक झाली तरी तिला दहा लिटरची मर्यादा राहते.

किल्ली कोणाकडे?

धोक्याचा संदेश आला तेव्हा आपण वरंध घाटात असू, कोकणातल्या रेंज नसलेल्या वाडीत असू किंवा जर्मनीत झोपलेले असू. चाकणला पहाटे तीन वाजता काही बिघडले तर उन्हाळ्यात जर्मनीत रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. प्रवासाचे सोडाच, अनेक कारखान्यांत कामाच्या जागी मोबाइल नेता येत नाही. त्यामुळे आठ तासांच्या पाळीतही मालक पेटीपासून तितकाच दूर असतो. आणि संदेश वेळेवर वाचला तरी शंभर मैलांवरून पंपाचा अडकलेला पंखा मोकळा करता येत नाही. म्हणून किल्ली असलेली एक व्यक्ती जवळ हवीच. संवेदकाचे काम या व्यक्तीला वेळेवर बोलावण्याचे आहे. तिची जागा तो घेऊ शकत नाही. धोक्याचे संदेश आपल्याबरोबर तिलाही जातील अशी व्यवस्था करावी.

शेजारच्या काकू किंवा सोसायटीतला एखादा होतकरू मुलगा यांच्यावर ही जबाबदारी टाकताना तोंडी सूचनांवर भिस्त ठेवू नये. एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून तो पेटीलाच चिकटवावा. ‘हा स्विच बंद करू नये’ अशी चिठ्ठी मेन स्विचजवळही लावावी. कागदावर पुढील गोष्टी असाव्यात :

– वीज दोन तासांहून अधिक गेली आणि मासे वर आले, तर मगाने पेटीतलेच पाणी घेऊन थोड्या उंचीवरून पुन्हा सोडावे. पॉवर बँकेवर चालणारा हवेचा पंप असल्यास तो लावावा. खाद्य देऊ नये.
– पाणी ३१ अंशांच्या वर गेले, तर हीटर आणि दिवा बंद करून झाकण उघडावे व पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडावा. बर्फ थेट टाकू नये.
– मेलेला मासा दिसला तर जाळीने लगेच काढावा.
– पाण्यात हात घालण्यापूर्वी पेटीची सर्व विद्युत उपकरणे बंद करावीत.
– फोन केल्याशिवाय पाणी बदलू नये, फिल्टर धुऊ नये.

खाद्याबाबत एक दिलासा आहे. निरोगी, वाढ झालेले बहुतेक मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. पिल्लांचे मात्र तसे नसते. त्याहून मोठा प्रवास असेल तर दिवसाआड एक अशा मोजून बांधलेल्या कागदी पुड्या ठेवाव्यात आणि खाद्याचा डबा चक्क कपाटात बंद करावा. आपोआप खाद्य टाकणारे यंत्र चांगले. पण पावसाळ्यातील दमट हवेत दाणे चिकटून एकदम पडण्याचा किंवा मुळीच न पडण्याचा संभव असतो.

चोरवाट राहू नये

इंटरनेटला जोडलेली प्रत्येक वस्तू हे घराचे एक दारच असते. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते. २०१७ मध्ये तर डार्कट्रेस या संगणक-सुरक्षा कंपनीने उत्तर अमेरिकेतील एका कॅसिनोची हकीकत जाहीर केली. तेथील इंटरनेटला जोडलेल्या मत्स्यपेटीच्या वाटेने चोर आत शिरले आणि सुमारे १० गिगाबाइट माहिती फिनलंडमधील एका यंत्राकडे गेली. घरात तेवढे मोल नसले तरी मूळ पासवर्ड बदलणे, प्रणाली अद्ययावत ठेवणे आणि राउटरवरील पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क या उपकरणांना देणे, एवढे तरी करावे. कॅमेरा फक्त पेटीवर रोखलेला असावा आणि घरात येणाऱ्या शेजाऱ्यांना तो सुरू असल्याची स्पष्ट कल्पना द्यावी.

रंगीत तालीम

या सर्व व्यवस्थेची परीक्षा प्रवासात घेऊ नये. निघण्यापूर्वी पंधरा दिवस तरी एक रंगीत तालीम करावी. घरी असतानाच दिवसभर पेटीला हात न लावता फक्त मोबाइलवरून पाहावे. मग राउटर बंद करून ‘संपर्क तुटला’ ही सूचना येते का ते तपासावे. संवेदक कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवून वरच्या मर्यादेची सूचना येते का ते पाहावे. शेवटी विजेचे बटण दहा मिनिटे बंद करून पुन्हा लावावे; सर्व यंत्रे हात न लावता सुरू झाली पाहिजेत. किल्ली असलेल्या व्यक्तीलाही एकदा प्रत्यक्ष सर्व करून दाखवावे.

नवे मासे निघण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत आणू नयेत. पाव भाग पाणी निघण्याच्या दिवशी न बदलता दोन-तीन दिवस आधी बदलावे, म्हणजे काही बिघडले तर ते आपल्या डोळ्यांदेखत कळते. फिल्टरचा स्पंज धुवायचा तर पेटीतून काढलेल्या पाण्यातच धुवावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उपयुक्त जिवाणू मारतो. इंटरनेटच्या योजनेची मुदत प्रवासातच संपत नाही ना, हेही पाहावे. सगळी यंत्रणा उत्तम असून केवळ रिचार्ज संपल्याने ती मुकी होऊ शकते.

कुत्रा भुंकतो, मांजर दाराशी येऊन ओरडते. माशाला हाक मारता येत नाही. संवेदक आणि कॅमेरा त्याची हाक आपल्यापर्यंत पोचवू शकतात. त्या हाकेला धावून जाणारे कोणी जवळ आहे ना, एवढे मात्र कुलूप लावण्यापूर्वीच पाहून ठेवावे लागते.